दुःखाची पावती : पणजीतील एका समुपदेशन केंद्राविषयी

पणजीतील एका खाजगी समुपदेशन केंद्रात मी आषाढापासून चवथीच्या आदल्या आठवड्यापर्यंत सहा वेळा गेले. एक भेट ५० मिनिटांची, तिचे १,५०० रुपये. आठ भेटींचे पैसे आगाऊ भरले तर १०,०००. मी आगाऊ भरले. केंद्राचे नाव येथे मुद्दामच देत नाही. गोव्यात नाव सांगितले की गाव, घराणे आणि कुळदेवसुद्धा ओघानेच कळतात, आणि ज्या बाईंनी माझे बोलणे त्या खोलीबाहेर जाऊ दिले नाही त्यांना मी चव्हाट्यावर आणणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय ज्या गोष्टीवर माझा आक्षेप आहे ती त्या बाईंची नव्हे, आणि बहुधा त्या एकट्या केंद्राचीही नव्हे.

मी फोंड्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेल्या मार्गशीर्षात माझे थोरले बंधू वारले. दादा माशेलच्या घरी राहत. माझे लग्न झाल्यापासून दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, आणि बोलण्यासारखे काही नसले तरी पाच मिनिटे चालायचा. लग्न झालेल्या मुलीचे गोत्र बदलते, म्हणून भावाचे पुरे दहा दिवसांचे सुतक तिला लागत नाही. आमच्या भटजींनी मला तिसऱ्या दिवशीच मोकळे केले. शाळेने नैमित्तिक रजेचे चार दिवस मांडले. वहिनींसमोर रडावे तर त्यांचे दुःख माझ्याहून मोठे, आणि आपल्या घरी रडावे तर घरच्यांच्या चेहऱ्यावर ‘आता सहा महिने होत आले’ असे स्पष्ट दिसे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवीच्या वर्गात कविता शिकवताना मी मध्येच थांबून बराच वेळ फळ्याकडे बघत उभी राहिले, असे मुलांनी घरी जाऊन सांगितले. त्या रात्री माझ्या मुलीने परस्पर वेळ ठरवली आणि मला कळवले, “आई, बुधवारी चार वाजता जायचे आहे, आणि जाणार नाही असे म्हणायचे नाही.”

केंद्र एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आणि पावसात निसरडा. गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. वर स्वागतकक्षात वेताच्या खुर्च्या, पाण्याचा माठ, आणि भिंतीवर उगाच कोणती सुविचारांची पाटी नाही, हे मला आवडले. तेथील मुलीने नाव विचारले, कोकणी, मराठी की इंग्रजी असे विचारले, आणि हातात एक टॅब्लेट दिला.

त्या टॅब्लेटवर नऊ प्रश्न होते. पीएचक्यू-९ या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली २००१ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाली. ती तयार करण्यास फायझर या औषध कंपनीचे अर्थसाहाय्य होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयीचा अपराधीपणा वगैरेंचा त्रास किती दिवस झाला, एवढेच ती विचारते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. मराठीची शिक्षिका असल्यामुळे मी दुसऱ्या प्रश्नाशीच अडखळले. तेथे ‘उदास, खिन्न किंवा हताश’ असे तीन शब्द एकाच ओळीत, जणू एकाच दाव्याला बांधलेली तीन जनावरे असावीत तसे, उभे केले होते. उदास म्हणजे ज्याचे मन कशातच बसत नाही तो. खिन्न म्हणजे ज्याला कशाचे तरी वाईट वाटते आहे तो. त्याच्या खेदाला कारण असते. हताश म्हणजे ज्याची आशाच मेली तो. मी चौदाच्या चौदा दिवस खिन्न होते, त्यांतले काही दिवस उदास होते आणि हताश एकही दिवस नव्हते. टॅब्लेटवर मात्र बोट ठेवायला गोल एकच होता. मी तीन गुणांच्या गोलावर बोट ठेवले.

झोपेचे तीन, थकव्याचे दोन, भुकेचे दोन, एकच पान पुन्हा पुन्हा वाचावे लागते त्याचे दोन, कशात रस वाटत नाही त्याचा एक आणि अपराधीपणाचा एक. बेरीज चौदा. पडद्यावर नारिंगी पट्टी आली, तीवर ‘मध्यम नैराश्य’ हे दोन शब्द, आणि खाली लगेच ‘आपल्यासाठी सुचवलेले : ८ भेटींचे पॅकेज’. दुकानात चप्पल घेतल्यावर पॉलिशची डबी पुढे करतात, त्याची आठवण झाली.

या नऊ प्रश्नांत ‘तुमचे कोणी गेले आहे काय’ असा प्रश्न नाही. हा दोष प्रश्नावली रचणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण नुसत्या बेरजेवरून निदान करू नये, आधी नेहमीचा शोक, शरीराचा दुसरा आजार, चालू असलेली औषधे यांचा विचार करून ते वगळावेत, ही सूचना तिच्यासोबतच दिलेली असते. ती सूचना वैद्यासाठी आहे. टॅब्लेट वैद्य नाही, आणि स्वागतकक्षातील मुलगीही नाही. तरीही त्या दोघांनी मिळून माझ्या भेटीला सुरुवात होण्यापूर्वीच मला एक नाव देऊन टाकले.

नावाने काय होते ते मला त्या दिवशी परतताना सुचले. बसस्थानकाकडे जाताना जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा लागतो : झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पसरून, मागे कलंडलेल्या बाईवर वाकलेला. पर्यटकांना तो भयंकर वाटतो. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये १८१३ पासून संमोहनाचे प्रयोग करून दाखवीत असे, आणि त्या काळी सगळे जण चुंबकासारख्या कुठल्याशा अदृश्य द्रव्याची गोष्ट करीत असताना त्याने सांगितले की प्रयोग करणाऱ्याच्या हातात काही नसते. जे घडते ते ऐकणाऱ्याच्या मनात, त्याने ते मान्य केल्यामुळे घडते. त्याची आख्यायिका गोव्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते : लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला, शब्द फुटेना, तेव्हा बाप जवळून पुटपुटला, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी,” आणि मुलाची जीभ मोकळी झाली. बोलून केलेला उपचार म्हणायचा तर हा आमच्याकडचा पहिला, आणि त्याला पॅकेज नव्हते. पोर्तुगीज काळात, १९५७ साली, गोव्यात मनोरुग्णालय निघाले तेव्हा त्याला याच फारियाचे नाव दिले होते. आज बांबोळीला असलेली सरकारी मनोविकार संस्था ही त्याचीच पुढची पिढी.

फारियाचे म्हणणे खरे असल्याचा पडताळा मला घरी आला. ‘मध्यम नैराश्य’ हे शब्द मी मान्य केले आणि पुढच्या तीन रात्री आधीपेक्षा वाईट गेल्या. आधी मी दादांच्या आठवणीने जागी राहत होते. आता आपण झोपलो नाही, म्हणजे झोपेचे तीन गुण पुन्हा लागले, या हिशेबाने जागी राहू लागले. भाताचे पातेले उतरवताना डोळ्यांत पाणी आले तरी ते लक्षण म्हणून आले. दुःख माझे होते तोवर त्याला दादांचा चेहरा होता. ते आजाराचे झाल्यावर त्याला चेहरा उरला नाही.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी बसल्या बसल्या विचारले की मला आजार आहे की नाही ते आधी सांगा. समुपदेशक बाई तिशीच्या, नावापुढे चिकित्सा मानसशास्त्राची पदवी आणि भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेल्या. (हा क्रमांक पाहून घ्यावा. समुपदेशक अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतोच असे नाही.) त्यांनी टॅब्लेटची बेरीज बघितली, मग माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, “मॅडम, तुमचा भाऊ गेला आहे. तो आजार नव्हे. पण तुम्ही इथे बसायला नको असाही त्याचा अर्थ होत नाही.” त्या एका वाक्यासाठी मी त्या भेटीचे पैसे पुन्हा देईन.

बोलून करण्याच्या उपचारांवर असा आरोप आहे की माणसाच्या साध्या दुःखाला ते रोग ठरवतात. मला तो अर्धा खरा वाटतो, आणि कोणता अर्धा ते सांगायला हवे. या उपचारांचा ज्याला जनक म्हणतात त्या फ्रॉइडनेच १९१७ साली लिहून ठेवले की शोकाने माणसाचे वागणे कितीही पालटले तरी आपण त्याला रोग मानत नाही, वैद्याकडे पाठवत नाही, आणि त्यात ढवळाढवळ करणे अपायकारक आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जी कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना चांगलीच परिचयाची आहे, तीही दुःख आणि नैराश्य यांना दोन वेगळ्या भावना मानते : दुःख क्लेशकारक असले तरी निरोगी, नैराश्य निरोगी नव्हे. म्हणजे खोलीच्या आतल्या विद्येला हा भेद ठाऊक आहे, आणि तो आजचा नाही.

घोळ झाला तो पुस्तकांत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने १९८० साली नैराश्याची व्याख्या करताना नुकत्याच झालेल्या मृत्यूच्या शोकाचा अपवाद ठेवला होता. १९९४ मध्ये तो अपवाद दोन महिन्यांपुरता राहिला. २०१३ मध्ये तो काढूनच टाकला. काढणाऱ्यांचेही म्हणणे अगदीच पोकळ नव्हते : नोकरी गेल्यावर किंवा घर मोडल्यावर जडलेल्या नैराश्याला आपण नैराश्य म्हणतो, तर मृत्यूनंतर जडलेल्यालाच तेवढे उपचाराविना का सोडावे? पण त्याचा परिणाम असा की पुरेशी लक्षणे दोन आठवडे टिकली तर तेराव्याचे जेवण उरकते न उरकते तोच एखाद्याला रोगी म्हणणे नियमात बसू लागले. मग २०२२ मध्ये त्याच पुस्तिकेत लांबलेल्या शोकाचा एक स्वतंत्र विकार आला. त्यासाठी प्रौढांना किमान बारा महिने लोटलेले असावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत हाच विकार आहे, पण मुदत किमान सहा महिन्यांची. मुदत संपली की रोग झाला, असे अर्थात दोन्ही पुस्तके म्हणत नाहीत. ओढ आणि वेदना अखंड असाव्यात, रोजचे जगणे अडावे, आणि त्या माणसाच्या समाजात जेवढा शोक रीतीचा मानतात त्याच्या तो पलीकडे जावा, अशा अटी आहेत. तरीही आषाढात मी सातव्या महिन्यात होते, आणि माझी गंमत अशी की जिनिव्हाच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, पुस्तकाप्रमाणे मी उंबरठा ओलांडलेली, वॉशिंग्टनच्या पुस्तकाप्रमाणे अजून पाच महिने अलीकडे, आणि आमच्या भटजींच्या हिशेबाने तिसऱ्या दिवशीच मोकळी.

दुःखाला पंचांग लावण्याचा उद्योग आधुनिक वैद्यकाने सुरू केला असे म्हणणाऱ्यांनी दहावे, बारावे, तेरावे, मासिक आणि वर्षश्राद्ध आठवावे. फरक एवढाच की आमचे पंचांग दुःख करण्याची जागा ठरवून देते आणि मग ती कोणाला द्यायची ते नात्यावरून ठरवते. त्या वाटपात लग्न झालेल्या बहिणीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पंचांगाने मला कमी दिले आणि टॅब्लेटने जास्त. बसायला जागा मात्र मला त्या खोलीतच मिळाली.

त्या खोलीत काय झाले तेही सांगते, कारण पैसे त्याचे घेतले होते.

तिसरी भेट फसली. बाईंनी एक छापील तक्ता पुढे ठेवला : पहिल्या रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात मनात आलेला विचार, तिसऱ्यात त्या विचारातील चूक. मी लिहिले की कार्तिकात दादांनी दोनदा बोलावले होते आणि मी परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत म्हणून गेले नाही. बाई तिसऱ्या रकान्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या की यात आपण स्वतःला अवास्तव दोष देतो आहोत का ते पाहू. मी म्हटले, यात चूक काही नाही. मी गेले नाही हे खरे आहे, पेपर दोन दिवस थांबले असते हेही खरे आहे. बराच वेळ दोघीही गप्प राहिलो. खिडकीबाहेर पाऊस पत्र्यावर पडत होता आणि मी मनात म्हटले की घड्याळ चालू आहे, मिनिटाला पंचवीस रुपये. मग बाईंनी तो तक्ता उलटा करून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. याला सुधारायचे काही नाही. तुम्हाला त्याचे वाईट वाटत राहील.” आपल्या हातातले साधन चुकीच्या जागी लागते आहे हे ओळखून ते खाली ठेवणारा सुतार मला भरवशाचा वाटतो. तरीही हे नोंदवायला हवे की तक्ता आधी आला आणि ऐकणे नंतर. ज्याला वाद घालायची सवय नाही असा माणूस तो तिसरा रकाना निमूट भरून घरी गेला असता, आणि खऱ्या पश्चात्तापाला विचारातला दोष समजून बसला असता.

चौथ्या भेटीत त्यांनी विचारले की दादा म्हटल्यावर हाताला काय लागते. असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी त्यांना वहीबद्दल सांगितले, आणि पाचव्या भेटीला ती पिशवीत घालून नेली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, माटोळीची वही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीत, म्हणजे फळापानांच्या छतात, काय काय लागते आणि ते कोणत्या आठवड्यात कुठे मिळते याची नोंद दादा पंचवीस वर्षे ठेवत आले होते : सुपारीचे शिपटे कोणाच्या कुळागरातून, कांगलां कोणत्या डोंगराच्या कडेला, घागऱ्यो, कवंडळ, आंबाडे, तोरींग, चिबूड. एका वर्षापुढे नुसते ‘कवंडळे कच्ची, बाजारातून घेतली, लाज वाटली’ एवढेच लिहिले आहे. ते वाचताना मी हसले, आणि बाईही हसल्या, आणि त्यानंतर मी जी रडले ती टॅब्लेटच्या कोणत्याही गोलात मावली नसती. त्यांनी रुमाल पुढे केला नाही, पाणी पुढे केले नाही, ‘शांत व्हा’ म्हणाल्या नाहीत. वही मिटू दिली नाही एवढेच. जाताना गृहपाठ दिला, जो शिक्षिकेला मिळाल्याची मला मौज वाटली : यंदाच्या यादीचे पान मी माझ्या अक्षरात लिहायचे, आणि माटोळीच्या बाजाराला स्वतः जायचे. भाचा बेंगळुरूहून येणार होता, भटजींनी मूर्ती आणायला हरकत नाही, गोडधोड आणि दारूकाम नको असे सांगितले होते. मी फोंड्याच्या बाजारात गेले, आणि कवंडळे चांगली पिकलेली मिळाली.

हे सगळे एखादी मैत्रीण, एखादी मावशी फुकट करू शकली नसती काय? करू शकली असती. केले नाही. माझ्या मावश्या गेल्या, मैत्रिणी शाळेत भेटतात तेव्हा घंटा झालेली असते, आणि ज्यांना वेळ आहे त्यांना मी हसतमुख हवी असते. पूर्वीच्या काळी माणसे एकमेकांचे दुःख वाटून घेत असत, हे वाक्य मी पुष्कळ ऐकते. ते म्हणणाऱ्यांपैकी कोणी माझ्याकडे वही मागितली नाही.

आता दुसरी बाजू, कारण वरचे वाचून कोणी आपल्या घरच्या माणसाला ‘तुझे दुःख साधे आहे, केंद्रात जायला नको’ असे सांगू लागला तर ते माझ्या माथी येईल. आमच्याच शाळेतील एका सहकाऱ्यांच्या घरात असे झाले. घरातले माणूस वर्षभर उठेना, बोलेना, जेवेना. सगळे म्हणत, फार विचार करतो, देवळात न्या. कोणाचा मृत्यू नव्हता, काही कारण दिसत नव्हते, म्हणून सगळ्यांनी कारण शोधण्यातच वर्ष घालवले. शेवटी बांबोळीला नेले तेव्हा त्याला औषध आणि बोलणे दोन्ही लागले, आणि दोन्ही लागू पडले. त्या घराला ते नऊ प्रश्न कोणीतरी आधी विचारले असते तर बरे झाले असते. त्यांतला नववा प्रश्न, मरणाच्या विचारांविषयीचा, एकटाच असता तरी ती प्रश्नावली ठेवण्याजोगी आहे. माझ्या बाबतीत त्याचे उत्तर शून्य होते, पण तो विचारला गेला याचे मला वाईट वाटले नाही. ज्याचे उत्तर शून्य नसेल त्याने केंद्राच्या वेळेची वाट पाहू नये. सरकारचा टेलिमानस हा क्रमांक, १४४१६, दिवसरात्र चालतो आणि फुकट आहे.

आणि या प्रांतात गोव्याला लाज वाटण्याचे कारण नाही. येथील संगाथ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांसह आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून दाखवले की मनोविकारतज्ज्ञ नसलेली, पण नीट शिकवलेली साधी माणसे बोलण्याचा उपचार करू शकतात. मानस या नावाचा त्यांचा पहिला मोठा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सरकारी केंद्रांत रुग्णांना फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. २०१७ च्या पुढच्या प्रयोगात सहा ते आठ भेटींत रुग्णाला पुन्हा कामाधंद्याला, माणसांत, आवडीच्या गोष्टींना लावण्यावर भर होता, म्हणजे माझ्या माटोळीच्या गृहपाठाची ती शास्त्रोक्त आवृत्ती. पण त्या प्रयोगात कोणाला घेतले होते? पीएचक्यू-९ वर चौदापेक्षा जास्त गुण मिळालेल्यांना. माझ्या चौदा गुणांना तेथे दारातूनच परत पाठवले असते. जो उपचार खरोखर आजारी माणसांवर तपासून घेतला, तो पणजीच्या टॅब्लेटवर नारिंगी पट्टी दिसताच आठाच्या पुडक्यात विकायला लागतो, तेव्हा साध्या दुःखाला आजार कोण बनवते आहे ते कळते. ती विद्या नव्हे. तो गल्ला आहे.

याचा पुरावा मला सहाव्या भेटीनंतर हातात मिळाला. मुलीच्या कंपनीच्या विम्यातून काही रक्कम परत मिळते म्हणून मी बिल मागितले. छापून आले त्यावर माझे नाव, वय, भेटींची संख्या, आणि त्याखाली एफ ३२.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या यादीत हा मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचा क्रमांक आहे. हे निदान कोणी केले, असे मी विचारले. समुपदेशक बाईंनी केले नव्हते. त्यांनी तर उलट सांगितले होते. मनोविकारतज्ज्ञांनी मला पाहिलेच नव्हते. पहिल्या दिवशीची चौदाची बेरीज टॅब्लेटमधून बिलात आपोआप उतरली होती. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराची व्याख्या करताना विचार, भावना वगैरेंतील असा मोठा बिघाड अपेक्षिला आहे की ज्याने माणसाची निर्णयशक्ती किंवा रोजचे व्यवहार फारच ढासळतील. मी त्या सहा आठवड्यांत घटक चाचणीचे तीन वर्गांचे पेपर तपासून दिले होते.

बाई स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी स्वागतकक्षातील मुलीला सांगितले की हा क्रमांक काढून झेड ६३.४ घाला. मला तोवर हे ठाऊक नव्हते, आणि मला वाटते बहुतेकांना नसेल : रोगांच्या त्या यादीतच शेवटाकडे एक प्रकरण असे आहे की ज्यात रोग नाहीत, नुसती वैद्याकडे येण्याची कारणे आहेत, आणि त्यातल्या झेड ६३.४ चा अर्थ घरातील माणसाचा मृत्यू किंवा बेपत्ता होणे एवढाच आहे. म्हणजे ज्या प्रश्नाला टॅब्लेटवर जागा नव्हती त्याला जिनिव्हात जागा करून ठेवली आहे. त्या मुलीने दोनदा शोधून पाहिले. “मॅडम, आमच्या यादीत झेड येतच नाही. आणि त्यावर विमावाले पैसे देत नाहीत,” ती म्हणाली, तिचा स्वर उद्धट नव्हता, ती खरेच सांगत होती. मी बिल तेथेच ठेवले आणि विम्याचा नाद सोडला. माझ्या नावापुढचा तो क्रमांक त्यांच्या संगणकातून काढला जाईल काय, हे मी लेखी विचारले आहे. ‘कळवतो’ असे उत्तर येऊन आता तीन आठवडे झाले.

तेव्हा जायचे असेल त्यांच्यासाठी : टॅब्लेट पुढे आला तर तो भरण्याआधी समुपदेशकाला भेटायचे आहे असे सांगावे, त्यात गैर काही नाही. पॅकेज पहिल्या दिवशी घेऊ नये. दोन भेटी सुट्या करून बघाव्यात, हिशेबात फार तर पाचशे रुपये जास्त जातात. बिलावर काय छापले जाईल ते पैसे भरण्यापूर्वी विचारावे. भाषेची अडचण नाही. मी निम्मे मराठीत आणि रडणे आले की कोकणीत बोलले, बाईंना दोन्ही पोचले. मंगळवारी बंद असते. गाडी लावायला जागा नाही, कदंबच्या बसने यावे आणि शेवटचा टप्पा चालावा.

पॅकेजातल्या दोन भेटी उरल्या आहेत आणि त्या जानेवारीअखेरपर्यंत वापरायच्या आहेत. पैसे परत मिळत नाहीत. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध येते, म्हणून एक भेट त्या आठवड्याची ठरवून ठेवली आहे. दुसरी वहिनींच्या नावावर करता येईल काय, असे मी विचारले. भेटी दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, पण वहिनींनी येऊन टॅब्लेट भरला तर त्यांच्या पहिल्या भेटीला दहा टक्के सवलत देऊ, असे सांगण्यात आले. माशेलला गेले तेव्हा मी वहिनींना हे सगळे सविस्तर सांगितले, नऊ प्रश्नांसकट. त्यांनी सुपारी कातरत शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “त्यात ह्यांचे नाव घालायला जागा असते?”

नसते, असे मी सांगितले.